दोन गुणसूत्रांमधल्या पलट्या कशा मोजाव्यात: माणूस आणि उंदराचे एक्स गुणसूत्र

कोबी आणि सलगम यांच्या मायटोकॉन्ड्रियातली जनुके जवळपास ९९ टक्के सारखी आहेत. फरक आहे तो जनुकांच्या क्रमात. पामर आणि हर्बन यांनी १९८८ मध्ये हे दाखवले, तेव्हापासून ‘अक्षरे किती बदलली’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुकडे कितीदा उलटले, कितीदा हलले’ हा प्रश्नही जीनोमच्या अभ्यासात पक्का बसला. हा दुसरा प्रश्न सोडवायचा कसा, ते इथे एका खऱ्या उदाहरणावर करून पाहू. लागेल एक साधा लॅपटॉप, पायथॉन, आणि शेवटच्या टप्प्यासाठी कागद-पेन्सिल. कागद खरोखर घ्या. एकदा हाताने चक्रे मोजली की पुढे सॉफ्टवेअर काय सांगते आहे ते कळते. नाही मोजली तर त्याने दिलेला आकडा नुसता मान्य करावा लागतो.

जोडी कोणती घ्यावी

पहिल्या सरावासाठी माणूस आणि उंदीर यांचे एक्स गुणसूत्र सर्वांत सोयीचे. सुसुमु ओहनो यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम असा की, अपरा असलेल्या सस्तन प्राण्यांत एक्सवरची जनुके एक्सवरच राहतात. त्यामुळे इथे गुणसूत्रा-गुणसूत्रांतली देवाणघेवाण जवळपास नाही, सगळा खेळ आतल्या आत उलटलेल्या तुकड्यांचा, म्हणजे पलट्यांचा आहे. माणसाचे एक्स सुमारे १५.६ कोटी बेसचे (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे), उंदराचे सुमारे १७ कोटींचे. दोन्ही जीनोम उत्तम जुळवलेले, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांतून नीट बांधलेले आहेत, आणि हे महत्त्वाचे आहे: जुळवणीतली चूक आणि खरी पलटी तक्त्यात हुबेहूब सारखी दिसतात.

दुसरी जोडी घेणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. जीनोमचे तुकडे जवळच्या प्रजातीच्या जीनोमवर टेकवून क्रमाने लावले आहेत का? रॅगटॅगसारख्या साधनांनी तसे केले जाते. अशा जुळवणीत आधार घेतलेल्या प्रजातीचाच क्रम उतरलेला असतो, मग तुम्हाला पलट्या कमी सापडतात आणि ‘या दोन प्रजातींचा क्रम फार टिकून आहे’ असा खोटा निष्कर्ष निघतो. हाय-सी (गुणसूत्राचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात ते सांगणारे तंत्र) किंवा लांब रीड्सवर (डीएनएचे सलग वाचलेले लांब तुकडे) स्वतंत्रपणे बांधलेला जीनोमच घ्या.

तक्ता उतरवणे आणि चाळणे

एन्सेम्बल या जनुकांच्या ऑनलाइन संग्रहातल्या बायोमार्ट या तक्ते उतरवायच्या सोयीत मानवी जनुके निवडा, गुणसूत्र एक्स आणि प्रथिन बनवणारी जनुके एवढीच चाळणी लावा. रकाने घ्या ते असे: जनुकाचा क्रमांक, सुरुवात, शेवट, दिशा (ते डीएनएच्या कोणत्या पट्टीवर आहे), त्याशिवाय उंदराच्या समकक्ष जनुकाचा क्रमांक, गुणसूत्र आणि ऑर्थोलॉगचा (एकाच पूर्वज जनुकातून दोन प्रजातींत आलेल्या समकक्ष जनुकाचा) प्रकार. मग उंदराच्या एक्सवरच्या जनुकांचा वेगळा तक्ता उतरवा, त्यातून सुरुवात, शेवट आणि दिशा घ्या, आणि जनुक क्रमांकावर दोन्ही तक्ते जोडा. उंदराकडची दिशा विसरू नका. तिच्याशिवाय पुढचे सगळे काम लंगडे पडते.

आता चाळणी. फक्त एकास-एक ऑर्थोलॉग ठेवा. मानवी एक्सवर प्रथिन बनवणारी जनुके साडेआठशेच्या आसपास आहेत. त्यांतली बरीच गळतील, गळू द्या. गळायलाच हवीत अशी ही कुटुंबे:

- आरहॉक्स जनुके. उंदराच्या एक्सवर ही ३० हून अधिक आहेत, माणसात दोन-तीन. कोणते कोणाचे समकक्ष हे ठरवताच येत नाही, जबरदस्तीने ठरवले तर तिथे नसलेल्या पलट्या उगवतात.
- शुक्राणू बनण्याशी निगडित, भराभर वाढलेली बहुप्रती कुटुंबे. यांच्यामुळे उंदराच्या एक्सवर मोठे पट्टेच्या पट्टे असे आहेत की माणसात त्यांना जोडीच नाही.
- मानवी एक्सच्या टोकाची पहिली सुमारे २७ लाख बेस, म्हणजे वाय गुणसूत्राशी जोडी जमवणारा भाग. तिथले सीएसएफ२आरए उंदरात १९ व्या गुणसूत्रावर आहे, आयएल३आरए १४ व्यावर. ओहनोच्या नियमाला इथे अपवाद आहे.

सीएलसीएन४ हे जनुकही ध्यानात ठेवा. अल्जीरियन उंदरात, म्हणजे मुस स्प्रेटसमध्ये, ते एक्सवर आहे, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरात ७ व्या गुणसूत्रावर. एखादे जनुक एक्सवर का नाही, हे शोधायला दोन तास घालवण्याआधी अशा ज्ञात अपवादांची यादी जवळ असावी.

एक छोटी खूण: उंदराच्या गुणसूत्रांच्या जुळवणीत सुरुवातीचे ३० लाख बेस कोरे ठेवलेले असतात, कारण तिथे सेंट्रोमिअर आहे. तुमच्या तक्त्यात त्याआधीचे जनुक दिसले तर जोडणीत चूक आहे.

ब्लॉक बांधणे: इथे घाई करू नका

पलट्या मोजण्याचे गणित सुंदर आहे आणि बरेचसे सुटलेले आहे. तरीही दोन अभ्यासकांचे आकडे वेगळे येतात, ते बहुतेक वेळा ब्लॉक वेगळे बांधल्यामुळे. म्हणून सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

ब्लॉक म्हणजे दोन्ही जीनोममध्ये सलग राहिलेला पट्टा. बांधायची पद्धत अशी. उरलेल्या जनुकांना मानवी क्रमाने १, २, ३ असे क्रमांक द्या, उंदराच्या क्रमानेही तसेच द्या. मानवी क्रमाने खाली येत जा. लागोपाठच्या दोन जनुकांच्या उंदीर-क्रमांकांतला फरक ३ च्या आत असेल आणि चढ-उताराची दिशा तीच असेल तर ती एकाच ब्लॉकमध्ये. नाहीतर नवा ब्लॉक सुरू.

अंतरावर आधारलेली पद्धतही चालते. पेव्हझनर आणि टेस्लर यांनी २००३ मध्ये मानव आणि उंदराचे संपूर्ण जीनोम तोलताना १० लाख बेसचा उंबरठा ठेवला, म्हणजे त्याहून छोटे फरक सोडून दिले, आणि त्यांना २८१ ब्लॉक मिळाले. पण जनुकांवरून अंतर मोजणार असाल तर जनुकाच्या मध्यापासून मोजू नका. डीएमडी हे एकटे जनुक सुमारे २२ लाख बेसचे आहे. मध्यापासून मोजले तर ते शेजाऱ्यांपासून आपोआप तुटते. एका जनुकाच्या शेवटापासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजा.

मग येते बारीक ब्लॉक काढून टाकणे. एक-दोन जनुकांचे ब्लॉक बहुधा चुकीचे ऑर्थोलॉग, उड्या मारलेल्या प्रती किंवा अगदी छोट्या स्थानिक पलट्या असतात. तीनपेक्षा कमी जनुकांचे ब्लॉक काढा, पण सगळे एकदम नाही. आधी एका जनुकाचे ब्लॉक काढा. क्रमांक पुन्हा द्या. आता शेजारी आलेले आणि एकाच दिशेचे ब्लॉक जोडा. मग दोन जनुकांचे काढा, पुन्हा जोडा. बदल थांबेपर्यंत चालू ठेवा. एकदम काढले तर जे दोन छोटे ब्लॉक मिळून चांगला चार जनुकांचा ब्लॉक झाला असता, तेही हातचे जातात.

प्रत्येक ब्लॉकला चिन्ह द्या: उंदरात तो माणसासारख्याच दिशेने असेल तर अधिक, उलटा असेल तर उणे. चिन्ह दोन मार्गांनी निघते, क्रमांकांच्या चढ-उतारावरून आणि ब्लॉकमधल्या जनुकांच्या दिशांच्या बहुमतावरून. दोन्ही उत्तरे जुळलीच पाहिजेत. न जुळणारा ब्लॉक उघडून बघा, आत हमखास एकापाठोपाठ प्रती झालेले कुटुंब निघते.

उंबरठ्याचा परिणाम किती खोल जातो याचे एक उदाहरण याच गुणसूत्रावर आहे. एक्सच्या लांब बाहूच्या टोकाशी रक्त गोठवणारे फॅक्टर आठचे जनुक आहे. त्याच्या २२ व्या इंट्रॉनमधला सुमारे साडेनऊ हजार बेसचा तुकडा बाहेर, टोकाच्या बाजूला, पुन्हा आढळतो. या दोन प्रतींची आपसात गाठ पडली की मधला सुमारे ५ लाख बेसचा पट्टा उलटतो आणि जनुक दुभंगते. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत हेच कारण असते. म्हणजे माणसाच्या आयुष्याला एवढा भिडणारा बदल १० लाखांच्या उंबरठ्याखाली दिसणारही नाही. उंबरठा ठेवावाच लागतो, पण त्याखाली काय गेले हे नोंदवून ठेवावे. निकाल देताना १० लाख, ५ लाख आणि ३ लाख अशा तिन्ही उंबरठ्यांचे आकडे द्यावेत.

क्रम लिहा आणि तुटी मोजा

पेव्हझनर आणि टेस्लर यांच्या ब्लॉकांनुसार माणसाचे एक्स १ ते ११ धरले तर उंदराचे असे लिहिले जाते:

+१ −७ +६ −१० +९ −८ +२ −११ −३ +५ +४

तुमचे ब्लॉक ११ च यायला हवेत असे नाही. जुळवणीची आवृत्ती आणि उंबरठा यांवर संख्या हलते. पण पद्धत पडताळायला हा क्रम उत्तम, कारण याचे उत्तर माहीत आहे.

दोन्ही टोकांना कल्पित ० आणि १२ ठेवा. शेजारच्या जोडीत दुसरी संख्या पहिलीपेक्षा बरोबर १ ने मोठी असेल तर जोड शाबूत, नाहीतर तूट. (−१०, −९) शाबूत आहे, कारण −९ ही −१० पेक्षा १ ने मोठी. (−१०, +९) मात्र तूट. आपल्या ओळीत १२ जोड्या आहेत, त्यांतली फक्त (०, +१) शाबूत. म्हणजे ११ तुटी. एक पलटी जास्तीत जास्त दोन तुटी मिटवते, म्हणून किमान ६ पलट्या लागणार.

चिन्हे पुसून बघा: ७-६, १०-९, ९-८ आणि ५-४ या जोड्या शाबूत वाटू लागतात आणि ११ तुटींच्या ७ होतात. शिवाय चिन्हांशिवाय सर्वांत कमी पलट्या शोधणे हा प्रश्नच अवघड वर्गातला आहे, हे काप्रारा यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. चिन्हांसहित मात्र तो भराभर सुटतो. ते श्रीधर हन्नेनहळ्ळी आणि पावेल पेव्हझनर यांनी १९९५ मध्ये दाखवले. दिशेचा रकाना उतरवायचा आग्रह एवढ्यासाठी.

चक्रे

प्रत्येक ब्लॉकला शेपूट आणि डोके अशी दोन टोके धरा. अधिक चिन्ह असेल तर ओळीत आधी शेपूट मग डोके, उणे असेल तर आधी डोके मग शेपूट. ० चे फक्त डोके, १२ ची फक्त शेपूट. कागदावर ही टोके ओळीने मांडा. उंदराच्या ओळीत एकमेकांना खेटलेली टोके काळ्या रेघेने जोडा, अशा १२ रेघा होतील. मग माणसाच्या क्रमात जी खेटतात, म्हणजे १ चे डोके आणि २ ची शेपूट, २ चे डोके आणि ३ ची शेपूट वगैरे, ती लाल रेघेने जोडा. आता कुठूनही निघा आणि एक काळी, एक लाल असे चालत राहा. निघालात तिथेच परत येता. ते एक चक्र.

या ओळीत चक्रे अशी निघतात. पहिले ० आणि १ मधले, एकाच काळ्या रेघेचे. दुसरे: १ चे डोके, ७ चे डोके, ८ ची शेपूट, २ ची शेपूट आणि परत, काळ्या रेघा २. तिसरे ९ ची शेपूट, ८ चे डोके, ९ चे डोके, १० ची शेपूट यांचे, हेही २ रेघांचे. चौथे: २ चे डोके, ११ चे डोके, १२ ची शेपूट, ४ चे डोके, ५ ची शेपूट, ३ ची शेपूट, रेघा ३. उरलेल्या ४ रेघांचे पाचवे. बेरीज १ + २ + २ + ३ + ४ = १२. ही बेरीज ब्लॉकांच्या संख्येपेक्षा एकने जास्त आलीच पाहिजे. न आल्यास एखादी रेघ सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे.

एक पलटी चक्रांची संख्या जास्तीत जास्त एकने वाढवते. सगळे जागेवर आले की चक्रे १२ होतात. आज ५ आहेत, म्हणून किमान १२ − ५ = ७. तुटींच्या हिशोबाने ६ म्हणत होतो, चक्रांनी तो ७ वर नेला. काही क्रमांत अडथळे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुंतलेल्या चक्रांमुळे याहून जास्त पलट्या लागतात. इथे तसे नाही, कारण ७ पलट्यांत काम होते:

१. शेवटचे चार ब्लॉक उलटा: +१ −७ +६ −१० +९ −८ +२ −४ −५ +३ +११
२. एकटा ९ उलटा: +१ −७ +६ −१० −९ −८ +२ −४ −५ +३ +११
३. एकटा ६ उलटा: +१ −७ −६ −१० −९ −८ +२ −४ −५ +३ +११
४. −१० पासून +३ पर्यंत: +१ −७ −६ −३ +५ +४ −२ +८ +९ +१० +११
५. −७ पासून −२ पर्यंत: +१ +२ −४ −५ +३ +६ +७ +८ +९ +१० +११
६. −५ आणि +३: +१ +२ −४ −३ +५ +६ +७ +८ +९ +१० +११
७. −४ आणि −३: सगळे जागेवर.

उलटताना क्रम आणि चिन्ह दोन्ही बदलतात. नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे क्रम फिरवून चिन्हे तशीच ठेवणे.

सातचा अर्थ काय, आणि काय नाही

सात हा खालचा टप्पा आहे. हा इतिहास घडला असे तो सांगत नाही. वर दिलेला मार्ग अनेक सात-पायऱ्यांच्या मार्गांपैकी एक. अहवालात ‘पलटी क्रमांक चार अमुक काळात झाली’ असे लिहू नका, तेवढी माहिती यात नाही. शिवाय पलट्यांची संख्या ब्लॉकांच्या निम्म्यापलीकडे गेली की किमान अंतर खऱ्या संख्येच्या मागे पडू लागते. ११ ब्लॉकांत ७ म्हणजे आपण त्या हद्दीपलीकडे आहोत. हे स्वतः तपासता येते: १ ते ११ ची सरळ ओळ घ्या, संगणकाकडून यादृच्छिक ५, ७, १०, १५ पलट्या मारून घ्या, प्रत्येकी हजार वेळा, आणि किमान अंतर मोजा. आलेख कुठे वाकतो ते डोळ्यांनी बघा.

पलट्या कोणाच्या बाजूला झाल्या, उंदराच्या की माणसाच्या? दोन जीनोमवरून हे कधीच ठरत नाही. तिसरा, बाहेरचा जीनोम लागतो. कुत्रा किंवा घोडा घ्या. त्यांच्या एक्सवरचा क्रम माणसाशी बराच जुळतो, म्हणून बहुतेक पलट्या उंदराकडच्या शाखेत टाकाव्या लागतात. तीन जीनोमचा मधला पूर्वज नेमका शोधणे गणिताने अवघड वर्गात मोडते, तिथे अंदाजी पद्धतींवरच भिस्त ठेवावी लागते.

आणखी एक जागा निसरडी आहे. ७ पलट्या म्हणजे १४ काप, पण तुटी ११ च. म्हणजे काही जागा दोनदा कापल्या गेल्या. यावरून काही जागा मुळातच ठिसूळ आहेत असे पेव्हझनर आणि टेस्लर यांनी मांडले; नॅडो आणि टेलर यांनी १९८४ मध्ये धरले होते की काप कुठेही सारख्याच शक्यतेने पडतात. सँकॉफ आणि ट्रिन यांनी २००५ मध्ये दाखवले की बारीक ब्लॉक काढून टाकल्यानेही असा पुनर्वापर खोटाच दिसू शकतो. म्हणून ठिसूळ जागांबद्दल काही म्हणायचे असेल तर उंबरठा खाली-वर करून तेच चित्र टिकते का हे दाखवल्याशिवाय म्हणू नये.

पूर्ण जीनोमकडे जाताना

अनेक गुणसूत्रे आली की पलटीसोबत स्थानांतरण, जोड आणि फूटही मोजावी लागते. त्यासाठी यँकोपूलस, अ‍ॅटी आणि फ्रीडबर्ग यांनी २००५ मध्ये मांडलेली दुहेरी काप-जोड पद्धत, म्हणजे डीसीजे, वापरा. सूत्र सोपे: ब्लॉकांच्या संख्येतून चक्रे आणि विषम लांबीच्या मार्गांची निम्मी संख्या वजा करा. इथे ० आणि १२ ही कल्पित टोके धरत नाहीत, त्यामुळे वरचे पहिले आणि चौथे चक्र उघडून दोन टोकांचे मार्ग होतात. आपल्या उदाहरणात ब्लॉक ११, चक्रे ३, विषम मार्ग २, म्हणून ११ − ३ − १ = ७. युनिमॉग हे साधन हे करून देते. फाइलमध्ये सरळ गुणसूत्राच्या शेवटी उभी रेघ आणि वर्तुळाकाराच्या शेवटी कंस द्यावा लागतो. जिवाणूचे गुणसूत्र चुकून उभ्या रेघेने संपवले तर उत्तर येते, पण चुकीचे. ग्रिम या दुसऱ्या साधनात गुणसूत्राचा शेवट डॉलरच्या चिन्हाने होतो.

प्रजाती फार जवळच्या असतील तर जनुकांऐवजी थेट क्रमाची जुळणी घ्या. मिनीमॅप२ या जुळणीच्या साधनात फरक हजारात एकाच्या आसपास असेल तर एएसएम५, शेकडा एक असेल तर एएसएम१०, काही टक्के असेल तर एएसएम२० ही तयार मांडणी आहे, आणि त्यापुढे सायरी हे साधन पलट्या वेगळ्या काढते. माणूस आणि उंदीर एवढ्या अंतरावर हे चालत नाही, तिथे लास्टझेड या साधनाने केलेल्या जुळण्यांच्या साखळ्या किंवा आपण केले तसे ऑर्थोलॉग.

जोड-फुटीचा सराव करायला सह्याद्रीतलाच प्राणी आहे. रानात कुत्र्यासारखा भुंकणारा भेकर. मादीत फक्त ६ गुणसूत्रे, नरात ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी कोणाची माहीत नाहीत. त्याच्या नात्यातल्या चिनी भेकराची ४६. मधली दरी मुख्यतः गुणसूत्रे एकमेकांना टोकाशी जोडली गेल्याने पडली, त्यामुळे इथे ब्लॉक मोठे, चिन्हे स्वच्छ आणि चक्रांपेक्षा मार्गांचा हिशोब महत्त्वाचा ठरतो.

आणि मोजणीचा आकडा कुठलाही असो, प्रत्येक तूट जुळवणीत कुठे पडते ते बघूनच तो पुढे पाठवा. ती एन अक्षरांच्या कोऱ्या पट्ट्यात पडत असेल, किंवा हाय-सीच्या नकाशात तिथे फुलपाखरासारखा तिरपा ठिपका दिसत असेल, तर आधी जुळवणीवर संशय घ्या. तुटीच्या दोन्ही बाजूंना पोचणारी किमान चार-पाच लांब रीड्स मिळाली, तरच ती तूट खरी धरा.